आम्ही उतरणार नाही

रविवार, ता. ६

जहाज एकदाचं सुटलं. आमच्या केबिनला खिडकी नाही. खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र लावलंय. म्हणजे पैसे भरून समुद्रावर यायचं आणि चित्र बघत बसायचं. दोन पलंग आणि मधे टीचभर जागा. एकाला कपडे बदलायचे असले की दुसऱ्याने पाय वर घेऊन बसायचं. ही म्हणते, झोपायलाच तर यायचंय इथे.

सहल हिने निवडली. मी फक्त रजा टाकली. चौथ्या दिवशी जहाज ज्या गावाला थांबतं त्याच गावात आमची मुलगी राहते, हे मला तिकिटं हातात आल्यावर कळलं. हिला विचारलं तर म्हणाली, सवलत त्याच जहाजावर होती.

मुलीचं आणि माझं दोन वर्षं बोलणं नाही. तिने सकाळी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं. लग्नाला माझी हरकत नव्हती, पद्धतीला होती. मी एवढंच म्हणालो की चुकलं म्हण आणि या दोघं जेवायला. ती म्हणाली, चुकलेलं नाही, तर म्हणू कशाला? तिथे तो विषय बंद झाला. तिच्याबद्दल घरात मला एक शब्द सांगायचा नाही असं मी हिला बजावलं आणि ही ते काटेकोर पाळते. इतकं काटेकोर ती माझं दुसरं काहीच ऐकत नाही.

चौथ्या दिवशी ही उतरेल आणि मुलीला भेटून येईल. मी जहाजावर थांबणार. पुस्तक आणलंय.

बुधवार, ता. ९

आज सकाळी त्या गावाला लागायचं होतं. लागलो नाही.

पहाटे पलंगाखाली कुणीतरी कपाट पाडल्यासारखा आवाज झाला आणि भिंतीतली घरघर थांबली. इतके दिवस घरघर चालू होती हे ती थांबल्यावर कळलं. दिवे गेले. जिन्यात जळक्या रबराचा वास. सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घालून डेकवर उभं केलं. त्या जॅकेटात सगळी माणसं सारखीच बावळट दिसतात, मीही त्यात आलो.

मग भोंग्यावर कंपनीची मुलगी बोलली. तिला सगळे 'गोड आवाज' म्हणतात. ती म्हणाली, "इंजिनाच्या भागात एक लहानशी तांत्रिक बाब उद्भवली असून ती पूर्णपणे आटोक्यात आहे." मला त्या वाक्याचं कौतुक वाटलं. बिघाड म्हटलं की कुणी केला हा प्रश्न येतो. बाब आपली आपण उद्भवते. पाणीपुरवठा कार्यालयात माझी हयात गेली. एखाद्या गल्लीत आठवडाभर नळ कोरडे असले की अधीक्षक म्हणून मीही असंच लिहितो. पण मी लिहिणं वेगळं आणि मला ऐकवणं वेगळं.

ही चांगले कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन केबिनमधे अंधारात बसली होती. जहाज बंद पडलंय हे मी तिला दोनदा सांगितलं. म्हणाली, ऐकलं मी. तरी दुपारपर्यंत तिने कपडे बदलले नाहीत.

गुरुवार, ता. १०

संडास बंद. प्रत्येक केबिनला लाल प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या आहेत. कशासाठी ते गोड आवाजाने इतक्या आडवळणाने सांगितलं की निम्म्या लोकांनी त्यात ओले कपडे भरले. जेवणाला गार बटाटे आणि पाव. पावावर कंपनीचं चिन्ह उमटवलेलं आहे. भट्टी बंद पडायच्या आधीचा शेवटचा पाव असावा.

अशा वेळी सुशिक्षित माणसं जे करतात तेच आम्ही केलं. समिती काढली. एक डेंटिस्ट आहेत, पन्नाशीचे, दाताला हात न लावताही माणसाला तोंड उघडायला लावतात. त्यांनी पुढाकार घेतला. माझं नाव अध्यक्ष म्हणून सुचवलं कापडवाल्यांनी. हे कापडाचे व्यापारी सहकुटुंब आले आहेत आणि समोरच्याच्या शर्टाचा कपडा बोटांनी चाचपल्याशिवाय बोलत नाहीत. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला त्यांनी वेळ दिला नाही.

मग नावावर चर्चा. मी म्हटलं, प्रवासी कृती समिती. डेंटिस्ट म्हणाले, नुसती कृती म्हटलं तर लोकांना वाटेल आपण कागदाची फुलं करतो. 'संघर्ष' हवं. कापडवाले म्हणाले, संघर्ष म्हटलं की कंपनी घाबरेल आणि काहीच देणार नाही. शेवटी 'प्रवासी हक्क, संघर्ष व कृती समिती' असं ठरलं, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. तेवढ्या वेळात खालच्या डेकवर पाण्याच्या बाटल्या वाटून संपल्या. समितीच्या एकाही सभासदाला पाणी मिळालं नाही. ही रांगेत उभी होती. तिने दोन आणल्या आणि एक अध्यक्षांना दिली. अध्यक्षांनी ती डेंटिस्टांबरोबर वाटून घेतली.

शनिवार, ता. १२

केबिनमधे श्वास घेववत नाही. गाद्या ओढून सगळे डेकवर झोपतो. माझ्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला कापडवाले. ते झोपेत माझी चादर चाचपतात.

कंपनीने काल दारू फुकट केली. इंजिन नाही, पंखा नाही, आंघोळीला पाणी नाही, पण बिअर पाहिजे तेवढी, आणि तीही कोमट. ज्याने कुणी ही युक्ती काढली तो आमच्या खात्यात असता तर आत्तापर्यंत आयुक्त झाला असता. संध्याकाळी दोघांची खुर्चीवरून मारामारी झाली. समितीने निषेध नोंदवला. कुणाचा, यावर एकमत झालं नाही.

डेकवर जनरेटरची एकच चालू खोबण आहे. तिच्यापाशी फोन चार्ज करायला रांग लागते. ही उन्हात रांगेत उभी राहते, दहा मिनिटं मिळतात, मग कठड्याजवळ जाऊन मुलीशी बोलते. मी कान देत नाही, पण डेकवर कुठे जाणार? "रात्री झोपू देतो का तुला?" असं विचारत होती. जावई घोरत असावा. विचारायची सोय नाही, विषय बंद आहे.

बाकीचा वेळ विणते. या उकाड्यात लोकर! बोटभर मोजे आहेत, एखाद्या बाहुलीचे असावेत. शेजारच्यांच्या नातीला बाहुल्यांचं वेड आहे, तिच्यासाठी असतील. मी म्हटलं, आपल्याला प्यायला पाणी नाही आणि तुला बाहुल्या सुचतायत. तिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण टाके मोजायला लागली.

रविवार, ता. १३

सकाळी दोन टग बोटी आल्या आणि त्यांनी दोर बांधून आम्हाला ओढायला घेतलं. एवढं थोरलं जहाज दोन चिमुकल्या बोटींमागे चाललंय. हट्टी पोराला दोन मावश्यांनी हात धरून शाळेत न्यावं, तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नेतायत त्याच गावाला. म्हणजे मुलीच्या. हे कळल्यावर ही उठली आणि तोंड धुवायला अर्धी बाटली पाणी खर्च केलं.

संध्याकाळी गोड आवाजाने कंपनीची योजना सांगितली. उद्या धक्क्याला लागल्यावर ज्यांना घरी जायचंय त्यांना बसने थेट विमानतळावर नेतील. सोबत प्रत्येकाला पुढच्या सहलीवर सवलत आणि एक टोपी. झाल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे.

मी ताबडतोब बैठक घेतली. असा मी कधीच बोललो नव्हतो, माझं मलाच नवल वाटलं. म्हटलं, ज्यांनी बुडवायचं तेवढं बाकी ठेवलं ते आपल्याला पुन्हा बोलावतायत, टोपी घालून. आणि 'दिलगीर' म्हणजे काय? पाऊस पडला तरी माणूस दिलगीर होतो. चूक झाली असं कप्तानाने आमच्यासमोर उभं राहून म्हटलं पाहिजे. तोवर या जहाजावरून एकही प्रवासी उतरणार नाही. कंपनीला उद्या रात्रीपर्यंत धक्का रिकामा करून द्यायचाय. आपण बसून राहिलो की तिचा श्वास कोंडेल.

डेंटिस्टांनी अनुमोदन दिलं. कापडवाल्यांनी सवलतीत कपडेखरेदी बसते का असं विचारून घेतलं आणि हात वर केला. डेकभर हात वर झाले. ही मागे खुर्चीवर विणत होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ठराव एकमताने मंजूर असं मी जाहीर केलं. एक मत कमी होतं, पण ते घरचं होतं.

झोपताना म्हणाली, "अहो, मी उद्या उतरणार आहे." मी म्हटलं, ठराव झालाय. ती म्हणाली, "झाला असेल. मी घरातून निघाले ते उतरायलाच."

सोमवार, ता. १४, दुपार

डेकवर बसून लिहितोय. सावली नाही.

सकाळी धक्क्याला लागलो. उतरण्याचा पूल टाकला, दार उघडलं. समोर वीस पावलांवर जमीन, गुदामाची भिंत, एक नळ आणि त्या नळाला वाहतं पाणी. 'स्वच्छतागृह' असा निळा फलक डेकवरून वाचता येतो. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला ते सगळं समोर, आणि आम्ही हाताची घडी घालून बसलेले. एक आजी नातवाला सांगत होत्या, तिकडे बघू नकोस, बघितलं की लागते.

गोड आवाजवाली स्वतः वर आली. पहिल्यांदाच तिला पाहिलं. डोळे सुजलेले, आवाज बसलेला, पायात दोन वेगळ्या चपला. म्हणाली, बसेस उभ्या आहेत. मी म्हटलं, कप्तानाला पाठवा. ती म्हणाली, त्यांना कंपनीच्या वकिलांनी बोलायला मनाई केलीय. लोकांनी माझ्या नावाचा जयजयकार केला.

तेवढ्यात ही समोरून आली, पिशवी खांद्याला लावून. मी खालच्या आवाजात म्हटलं, निदान दुपारपर्यंत थांब, लोक काय म्हणतील.

ती थांबली. आवाज खाली केला नाही. "तुम्हाला या कंपनीनेच माफी मागायला हवीय, की कुणीही चालेल?"

एवढं म्हणून ती पुलावर गेली. सवयीने खालच्या बाजूला बघत, एकेक पाऊल टाकत उतरली. पूर्ण जहाजातून पहिला प्रवासी उतरला तो अध्यक्षांच्या घरचा. डेंटिस्ट म्हणाले, "महोदय, घरातच फूट?" लोक हसले. मीही हसलो. अशा वेळी हसावंच लागतं.

कठड्याशी गेलो ते उतरलेल्यांची नोंद ठेवायला. गुदामाच्या पलीकडे दोरी बांधलीय, तिच्यामागे मुलगी उभी होती. वजन वाढलंय तिचं. हातात कसलंसं गाठोडं होतं. मला वाटलं, आईसाठी काही आणलं असेल. हिने पिशवी टाकली, दोरीखालून वाकून पलीकडे गेली आणि गाठोडं घेतलं. मग गाठोड्याने पाय झाडला.

बराच वेळ मी कठडा धरून होतो. कापडवाले शेजारी येऊन उभे राहिले, खाली बघून म्हणाले, "मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या शर्टाला हात लावला नाही.

तासाभराने कापडवाल्यांना कंपनीने पुढच्या सहलीत खिडकीवाली केबिन देऊ केली आणि ते सहकुटुंब उतरले. जाताना म्हणाले, मन माझं समितीबरोबरच आहे. त्यांच्यामागून दहा-पंधरा जण गेले. बाकीचे अजून बसलेत. माझ्याकडे बघतात.

खाली तिघी अजून उभ्या आहेत. तिघी की दोघी आणि तो, माहीत नाही.

मंगळवार, ता. १५

मुलीच्या घरी लिहितोय. अंगात जावयाचा पायजमा आहे, चार बोटं लांब.

काल दुपारी ऊन चढलं तसं खाली बाळ रडायला लागलं. आवाज वरपर्यंत येत होता, का मला तसं वाटत होतं कोण जाणे. मुलगी त्याला खांद्यावर घेऊन इकडून तिकडे फेऱ्या मारत होती. मुलगी तान्ही असताना हीही तशीच मारायची. मग एक टेम्पो आला, त्यातून एक लांबट माणूस उतरला. जावई. त्याने हिची पिशवी उचलून टेम्पोत ठेवली. हिने एकदा वर बघितलं. हात केला नाही, डोळ्यांवर धरला नुसता. मग तीही वळली.

मी डेंटिस्टांना म्हटलं, "मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतो."

ते म्हणाले, असा तोंडी चालत नाही. मी म्हटलं, लिहून देतो. ते म्हणाले, कुणाकडे देणार, राजीनामा अध्यक्षांकडे द्यायचा असतो आणि अध्यक्ष तुम्हीच. मग एक जण म्हणाला, आधी हंगामी अध्यक्ष निवडावा लागेल. दुसरा म्हणाला, त्याला आधी बैठक बोलवायला हवी आणि ती बोलवायचा अधिकार अध्यक्षांना. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच मुद्दे काढले असते. खाली टेम्पोचं मागचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

मी बॅग तिथेच टाकून, ही वही तेवढी खिशात घालून पुलावरून पळालो. या वयात आणि त्या पुलावर पळू नये. मागून डेंटिस्ट ओरडत होते की हे बेकायदेशीर आहे. जमिनीवर पाय ठेवल्यावर जमीन हलायला लागली. इतके दिवस जहाजावर राहिलं की असं होतं म्हणे. मी तसाच झिंगल्यासारखा दोरीपर्यंत गेलो आणि टेम्पोसमोर उभा राहिलो. जावयाने इंजिन बंद केलं.

मुलगी खाली उतरली. चेहरा दोन वर्षांपूर्वी होता तसाच, फक्त दमलेला. मी म्हणायला काहीतरी तयार ठेवलं होतं. खरं म्हणजे दोन वर्षं तयार ठेवलं होतं, मुद्देसूद. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी हात पुढे केले, बाळ घ्यायला.

ती दोन पावलं मागे सरली. "बाबा, वास मारताय. आधी आंघोळ करा, मग याला हात लावा."

म्हणजे तो मुलगा आहे. असं कळलं मला.

मी हिला म्हटलं, तू आंघोळ न करता कशी घेतलीस? ही म्हणाली, मी उतरल्याउतरल्या तिथल्या नळावर हातपाय धुतले, तुम्ही वर लोकांबरोबर हसत होतात. मग मी म्हटलं, मला आधी सांगायचं नाहीस? ती म्हणाली, "विषय तुम्हीच बंद केला होता. मी उघडणार नव्हते." जावयाने मला पुढे बसवलं, मधे कुणी बसलं नाही, आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली. घोरणाऱ्यातला वाटत नाही.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर जिन्यात ओळीने कुंड्या. स्वयंपाकघरात एकच खिडकी, तिच्यात बाळाचे कपडे वाळत घातलेले. इतके लहान कपडे की वाळत घालताना चिमटे त्यांच्यापेक्षा मोठे दिसतात. मी त्या खोलीत उभा राहिलो आणि कुठे बसावं कळेना. कुठलीही खुर्ची घाण होईल असं वाटलं. मुलीने टॉवेल आणि साबण हातात दिला आणि न्हाणीघर दाखवलं.

दार लावलं. नळ सोडला. वाफ आली इतकं गरम पाणी. मी स्टुलावर बसून राहिलो आणि पाणी वाहू दिलं. पाणी जोरात वाजत असलं की बरं असतं, आतला आवाज बाहेर जात नाही. पाणीपुरवठ्याचा माणूस आहे मी. एवढं पाणी मी हयातीत कधी वाया घालवलं नव्हतं.

बाहेर मायलेकींचं बोलणं चाललं होतं, भांड्यांचे आवाज होते. मधे फोनवर आलेला कंपनीचा संदेश ही वाचून दाखवत होती, प्रवास कसा वाटला, पाचपैकी किती तारे देणार, म्हणून. मुलगी हसली. दोन वर्षांनी ऐकलं ते हसू. मी ऐकत राहिलो आणि साबण तसाच हातात राहिला.

मग दारावर टकटक झाली.

"बाबा, झालं का? जागा झालाय तो. आता या, नाहीतर पुन्हा झोपेल."

मी डोकं न पुसताच बाहेर आलो.